तापाच्या रुग्णाला उंदराबद्दल विचारा



पावसाळा लागला की या सदराकडे तापाची पत्रे वाढतात. कुणी मलेरियाबद्दल विचारतो, कुणी डेंग्यूबद्दल, कुणी लेप्टोबद्दल. या वेळी ज्या तापाविषयी लिहितो आहे त्याबद्दल मात्र आजवर एकही पत्र आलेले नाही. कारण त्याचे नावच आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. उंदरांपासून माणसाला होणारे विषाणूंचे ताप हा तो विषय, आणि त्यातला प्रमुख म्हणजे हन्ता विषाणूचा ताप. आपल्याकडे असे रुग्ण क्वचितच नोंदले गेले आहेत, म्हणून वाचून कुणी घाबरून जाऊ नये. परंतु हा आजार ओळखायचा कसा, हे ज्या एका प्रश्नावर अवलंबून आहे, तो प्रश्न विचारायला मी स्वतः एकदा चुकलो आहे. आधी ती हकीकत सांगतो.

१९९८ सालचा ऑगस्ट महिना. माझ्या दवाखान्यात धान्याच्या गोदामातला एक हमाल आला. वय असेल पस्तिशीचे, अंगाने दणकट. तीन दिवसांचा ताप, डोके ठणकते, पोटऱ्या दाबून धरलेल्या. मी मलेरियासाठी रक्त पाठवले, तापाच्या गोळ्या दिल्या, भरपूर पाणी प्या म्हणून सांगितले. दोन दिवसांनी त्याची बायको धावत आली.

"डॉक्टरसाहेब, कालपासून त्यांना लघवीच झाली नाही. डोळे बघा ना, लालभडक झालेत."

मी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात पाठवले आणि मागोमाग स्वतःही गेलो. तिथे रात्रपाळीला एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती. तिने रुग्णाचा हात हातात घेतला आणि विचारले, "दादा, तुम्ही काम काय करता? नेमकं काय काय उचलावं लागतं?" तो म्हणाला, "गोदामात पाणी शिरलं होतं, ताई. कुजलेली पोती आणि मेलेले उंदीर आम्हीच बाहेर काढले. दहा-बारा दिवस झाले असतील." बस्स. तिने रक्ताच्या तपासण्या मागवल्या आणि रिपोर्टची वाट न बघता लेप्टोचे इंजेक्शन सुरू केले. त्याचे डायलिसिस करावे लागले, पण माणूस वाचला.

घरी येऊन मी माझा केसपेपर काढून पाहिला. नाव, वय, पत्ता सगळे व्यवस्थित होते. 'धंदा' या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता, 'मजुरी'. तेवढा शब्द लिहून मी मोकळा झालो होतो. मजुरी म्हणजे काय, कुठली, कुणाच्या घाणीत हात घालून केलेली, हे विचारायला मला अर्धे मिनिट लागले असते.

आता लेप्टो हा विषाणूंचा आजार नव्हे. तो उंदरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरणाऱ्या जिवाणूंचा आजार आहे आणि त्यावर हमखास चालणारी औषधे आहेत. उंदरांचे विषाणू ही वेगळी जात. त्यांना पाण्याची गरज नसते. सुकलेल्या लेंड्या, सुकलेली लघवी, बिळातला काडीकचरा यांची धूळ उडाली आणि ती श्वासाबरोबर आत गेली की काम झाले. क्वचित उंदीर चावल्यानेही होते. पण दोन्ही आजारांत रुग्णाला विचारायचा प्रश्न तोच. तो प्रश्न विचारल्यामुळे आणि चिकाटीने चौकशी केल्यामुळे एक आजवर कुणाला न दिसलेला रोग कसा उजेडात आला, ती हकीकत अमेरिकेतली आहे. ती मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपल्या लोकांना ओळखीचे वाटेल असे बरेच काही आहे.

न्यू मेक्सिको, अ‍ॅरिझोना, युटा आणि कोलोरॅडो ही चार राज्ये जिथे एका बिंदूवर मिळतात त्या भागाला 'फोर कॉर्नर्स' म्हणतात. तिथे नाव्हाहो या मूळनिवासी लोकांची मोठी वस्ती आहे. १९९३ च्या मे महिन्यात तिथल्या गॅलप गावच्या रुग्णालयात एका नाव्हाहो तरुणाला आणले. हा तरुण उत्तम धावपटू. तो आपल्या वाग्दत्त वधूच्या अंत्यविधीला निघाला होता आणि वाटेतच त्याचा श्वास कोंडला. काही वेळातच तो गेला. त्याची फुप्फुसे पाण्याने भरून गेली होती. धडधाकट माणूस पाण्याबाहेर बुडून मरावा तसा प्रकार. त्याची वाग्दत्त वधूही थोड्याच दिवसांपूर्वी अशीच गेली होती.

त्या रुग्णालयातले डॉक्टर ब्रूस टेम्पेस्ट यांना असे आणखी मृत्यू ऐकल्याचे आठवले. त्यांनी आसपासच्या डॉक्टरांना फोन केले. वैद्यकीय तपासनीसांनी जुन्या नोंदी चाळल्या. थोड्याच काळात आणखी काही तरुण, निरोगी माणसे अशीच गेल्याचे दिसून आले. पहिला संशय प्लेगचा, कारण त्या भागात प्लेग अधूनमधून सापडतो. तपासणी केली, प्लेग नव्हता. इन्फ्लुएन्झा नव्हता. विष नव्हते. रक्ताचे नमुने अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात गेले. तिथे ओळखीच्या विषाणूंशी ते ताडून पाहिले तेव्हा ते जुळले कोरियातल्या हन्ता विषाणूच्या कुळाशी! शास्त्रज्ञ चक्रावले. कारण हन्ता म्हणजे मूत्रपिंडाचा आजार, तोही आशिया-युरोपातला, अशी तोपर्यंत समजूत होती. अमेरिकेत त्याने माणूस आजारी पडल्याचे कुणाला ठाऊक नव्हते, आणि फुप्फुसे भरून माणूस मरतो हे तर मुळीच नाही.

कोरियातली गोष्ट थोडक्यात अशी. १९५०-५३ च्या कोरियन युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले तीन हजारांवर सैनिक एका अनोळखी तापाने पडले. ताप, चेहरा लालबुंद, पाठ-कंबर दुखणे, मग रक्तदाब घसरणे आणि लघवी बंद. त्याचे कारण सापडायला वीसहून अधिक वर्षे गेली. १९७६ मध्ये कोरियाचे डॉक्टर ली हो-वांग यांना पाठीवर काळा पट्टा असलेल्या शेतातल्या उंदराच्या फुप्फुसांत तो विषाणू सापडला. हान्तान नदीच्या परिसरातला म्हणून त्याचे नाव हन्ता.

पुन्हा गॅलपकडे येऊ. रोग उंदराचा, हे कळले. पण कोणता उंदीर, आणि याच वर्षी का? त्या उन्हाळ्यात तिथे सुमारे १७०० छोटे प्राणी पिंजऱ्यांत पकडून तपासले. त्यांत बहुसंख्य 'हरीण-उंदीर' निघाले. हे वरून तपकिरी, पोटाशी पांढरे, मोठ्या डोळ्यांचे, दिसायला गोजिरवाणे उंदीर. त्यांच्यातल्या शंभरातल्या सुमारे तीस उंदरांत या विषाणूच्या खुणा सापडल्या. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. तो आयुष्यभर विषाणू बाळगतो आणि लघवीतून टाकत राहतो.

या वर्षीच का, याचे उत्तर नाव्हाहो वडीलधाऱ्यांकडे होते. बेन मुनेटा हे त्यांच्यातलेच एक डॉक्टर. त्यांनी जाणत्या वैद्याची गाठ घेतली. म्हाताऱ्यांची समजूत अशी की उंदीर रात्रीचा आणि बाहेरचा, माणूस दिवसाचा आणि घरातला. दोघांची सरमिसळ झाली की मरण येते. उंदीर ज्या कपड्यावरून गेला तो जाळून टाकावा, अन्न झाकून ठेवावे. आणि ज्या वर्षी पाऊस जास्त होऊन पिन्यॉन झाडाच्या चिलगोज्यासारख्या बिया उदंड येतात, त्या वर्षी उंदीर माजतात आणि जवान माणसे दगावतात. १९१८ आणि १९३३ ही असली वर्षे त्यांच्या आठवणीत होती. १९९३ मध्ये तेच घडले होते. दुष्काळानंतर भरपूर बर्फ आणि पाऊस, बियांचा सुकाळ, आणि उंदरांची संख्या आदल्या वर्षाच्या कैक पट. जी शिकवण शहरी लोक अडाणी म्हणून उडवून लावतात, तिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण होते. अर्थात म्हातारी माणसे सांगतात ते सगळेच बरोबर असते असा याचा अर्थ मी काढत नाही. ते ऐकून घेऊन तपासून पाहिले, एवढेच तिथल्या डॉक्टरांचे मोठेपण.

पण तोवर वर्तमानपत्रांनी आपले काम केले होते. 'नाव्हाहो फ्लू' हे नाव छापून आले. लॉस एंजेलिसच्या एका खासगी शाळेने आपल्याकडे पाहुणी येणार असलेल्या नाव्हाहो मुलांना येऊ नका म्हणून कळवले. ज्या घरांत नुकतेच मरण झाले होते त्या घरांच्या दारात कॅमेरे उभे राहिले. रोग उंदराचा, आणि बाट लागला माणसांना! ज्यांच्या वस्तीच्या नावावरून शाळेत, कचेरीत, पाणवठ्यावर हात आखडले गेले आहेत त्या आपल्या लोकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

नावाचाही वाद झाला. आधी विषाणूला 'फोर कॉर्नर्स' म्हणायचे ठरले, तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली. मग 'म्युर्तो कॅन्यन' सुचवले. त्या नावाची दरी नाव्हाहोंच्या प्रदेशात आहे आणि १८०५ मध्ये स्पॅनिश सैन्याने तिथे त्यांच्या लोकांची कत्तल केली होती. त्यांनी ते नावही नाकारले. शेवटी शास्त्रज्ञांनी नाव ठेवले 'सिन नोम्ब्रे', स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ 'बिननावाचा'. मला हा त्या लोकांचा मोठा विजय वाटतो. पुढे रुग्णालयांत जपून ठेवलेले जुने नमुने तपासले तेव्हा १९५९ साली युटा राज्यात मेलेला एक मनुष्य याच विषाणूने गेला होता असे निघाले. म्हणजे रोग नवा नव्हताच, ओळखणारा कुणी नव्हता. आणि त्याला जातगोत तर नाहीच. २०१२ मध्ये योसेमिटी या प्रसिद्ध उद्यानात तंबूत सुटी घालवणाऱ्या पर्यटकांना तो झाला. दहा आजारी पडले, तिघे गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत सुप्रसिद्ध नट जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा सांता फे येथील आपल्या बंगल्यात याच आजाराने गेल्या.

आता हा ताप ओळखायचा कसा ते पाहू. सुरुवातीला तो कुठल्याही तापासारखाच दिसतो, खरी अडचण तीच. थंडी वाजून ताप येतो, डोके दुखते, फार थकवा येतो. मोठे स्नायू, म्हणजे मांड्या, कुल्ले, पाठ, खांदे विलक्षण दुखतात. पुष्कळांना मळमळ, उलट्या, पोटदुखी होते, त्यामुळे 'काही खाण्यात आले असेल' असे घरचे म्हणतात. नाक वाहणे, घसा धरणे हे साध्या सर्दीतापाचे प्रकार सहसा नसतात. इथवर तीन-चार दिवस ते आठवडा जातो.

त्यानंतर वाट दोन ठिकाणी फुटते. अमेरिकेतल्या प्रकारात अचानक कोरडा खोकला आणि दम सुरू होतो. सकाळी चालत आलेला रुग्ण रात्री प्राणवायूवर असतो. श्वासाचा त्रास सुरू झालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ३८ वाचत नाहीत. आशिया-युरोपच्या प्रकारात मार मूत्रपिंडांवर बसतो. चेहरा आणि डोळे लाल, कंबरेच्या वर दोन्ही बाजूंना दुखणे, दृष्टी अंधुक होणे, अंगावर बारीक लाल ठिपके, रक्तदाब खाली जाणे, मग लघवी कमी होत होत बंद. काही दिवसांनी उलट भरमसाट लघवी होऊ लागते, ती बरे होण्याची खूण. पण त्या काळातही अंगातले पाणी आणि क्षार यांवर लक्ष ठेवावे लागते. हान्तान जातीच्या विषाणूने शंभरात पाच ते पंधरा दगावतात, बाकीच्या काही जातींचे आजार पुष्कळ सौम्य असतात.

रक्ताच्या साध्या तपासणीतही इशारा मिळतो. प्लेटलेट कमी होतात आणि पांढऱ्या पेशी वाढतात. रक्त दाट होते, कारण रक्तातले पाणी बाहेर झिरपते. प्लेटलेट कमी दिसल्या की आपल्याकडे प्रत्येक जण 'डेंग्यू' म्हणतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुधा कमी होतात. डेंग्यूचा रिपोर्ट नाही आला, मलेरिया नाही आला, लेप्टोही नाही, आणि रुग्णाची लघवी किंवा श्वास बिघडतो आहे, अशा वेळी उंदराच्या विषाणूचा विचार डॉक्टरांच्या मनात यायला हवा. तो येण्यासाठी त्यांना माहिती पुरवणे हे आपले काम. हन्ताची खास रक्ततपासणी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही, नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवावा लागतो. हक्काने मागावी अशी ती तपासणी नाही, पण सांगावी अशी हकीकत आपल्याकडे नक्की असते.

आणि ती सांगताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विषाणू अंगात शिरल्यापासून ताप यायला एक आठवडा ते आठ आठवडे लागू शकतात. 'गेल्या चार दिवसांत काय केलंत?' या प्रश्नाला इथे अर्थ नाही. दीड-दोन महिन्यांपूर्वी गावचे बंद घर उघडून झाडले, गोदामाचा पोटमाळा रिकामा केला, कडब्याची गंजी हलवली, भंगाराची पोती उपसली, हे माणूस विसरून गेलेला असतो. बायकोला आठवते. मुलांना आठवते. म्हणून तापाच्या रुग्णाबरोबर घरचे कुणीतरी जावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगावे, "साहेब, हे अमुक गोदामात काम करतात, तिथे उंदीर फार आहेत, मागच्या महिन्यात यांनी तिथली सफाई केली." दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, ठीक आहे. एवढे वाक्य बोलायला वेळ लागत नाही. सफाई कामगार, पालिकेचे उंदीर मारणारे रात्रपाळीचे कामगार, माथाडी, गोदीतले, बाजार समितीतले, रद्दी-भंगार वेचणाऱ्या भगिनी यांनी तर 'मजुरी' या शब्दावर डॉक्टरांना सोडूच नये.

हे सगळे अमेरिका-कोरियाचे, आपला काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे. १९६४ मध्ये तामिळनाडूतल्या वेल्लोर येथे एका चिचुंद्रीत विषाणू सापडला. तिथल्या थोट्टापलायम भागाचे नाव त्याला दिले, आणि पुढे तो हन्ताच्याच कुळातला निघाला. त्या चिचुंद्रीच्या विषाणूने इथे साथ आल्याचे उदाहरण नाही. परंतु २००५ च्या सुमारास वेल्लोरच्याच ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी धान्य गोदामातले कामगार, उंदीर पकडून पोट भरणारे इरुळा आदिवासी आणि मूत्रपिंडाचे जुने रुग्ण यांचे रक्त तपासले, तेव्हा काहींच्या रक्तात हन्ता कुळातल्या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. कोणाचे रक्त तपासायचे हे त्या संशोधकांनी कामावरून ठरवले, हे मला महत्त्वाचे वाटते. शिवाय गटारात आणि बंदरांत राहणारा मोठा तपकिरी उंदीर जहाजांबरोबर जगभर पसरला आहे. 'सोल' नावाचा हन्ताचा प्रकार त्याच्यात राहतो. कोरियाच्या सोल शहरातले, शेताचे तोंड न पाहिलेले लोक आजारी पडू लागले तेव्हा तो कळला. याने होणारा आजार पुष्कळदा सौम्य असतो, आणि सौम्य म्हणूनच नुसता 'व्हायरल' म्हणून निसटतो.

घरातल्या लहान उंदराकडूनही एक विषाणू माणसाकडे येतो, त्याने मेंदूच्या आवरणाला सूज येते. धडधाकट माणूस बहुधा बरा होतो. गरोदर स्त्रीला झाला तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. म्हणून घरात दिवस गेलेली सून-मुलगी असेल तर उंदराच्या लेंड्या काढण्याचे काम तिला सांगू नये, दुसऱ्या कुणीतरी करावे. आपल्यापैकी कुणाचा मुलगा पश्चिम आफ्रिकेत, नायजेरिया वगैरे देशांत कामाला असेल तर लासा ताप हे नाव त्याच्या कानावर घाला. १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा गावी तो ओळखला गेला. तोही उंदराचाच, शिवाय रुग्णाच्या रक्त-स्रावांतून दुसऱ्यालाही होतो, आणि बरे झाल्यावर काहींना बहिरेपण येते. तिकडून परतल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला तर डॉक्टरांना पहिले वाक्य प्रवासाचे सांगावे.

हन्तावर ठरलेले औषध नाही, म्हणजे उपचार नाहीत असे नव्हे. वेळेवर प्राणवायू, रक्तदाब सांभाळणे, गरज पडली तर डायलिसिस, कृत्रिम श्वास, यांनी माणसे वाचतात. सलाईनचे मात्र तारतम्य लागते. फुप्फुसे झिरपत असताना बाटलीमागून बाटली चढवली तर रुग्ण बुडतो. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात 'अशक्तपणा आलाय, दोन बाटल्या लावा' असा आग्रह धरू नका. आणि हन्ताचा संसर्ग माणसापासून माणसाला सहसा होत नाही. दक्षिण अमेरिकेतली 'अँडीज' जात तेवढी अपवाद. २०१८-१९ मध्ये अर्जेंटिनाच्या एपुयेन गावात तिने ३४ जणांना गाठले आणि ११ गेले. बाकी ठिकाणी रुग्णाची भांडी वेगळी काढण्याचे, त्याच्या मुलांना शाळेत बाजूला बसवण्याचे काही कारण नाही.

सफाईबद्दल. आपल्या बायका बंद खोली उघडली की पहिल्यांदा झाडू हातात घेतात. विहाराची सामानाची खोली वर्षावासाच्या आधी उघडतात तेव्हाही तेच. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारायचा नाही. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबावे. एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर, साधारण १६ ग्रॅम, ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी लेंड्यांवर आणि बिळाच्या काडीकचऱ्यावर शिंपडून चिंब भिजवावे. दहा मिनिटे थांबावे, मग रबरी हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. फडके पिशवीत बांधून टाकून द्यावे. त्या पाण्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. तोंडाला पदर किंवा रुमाल बांधल्याने इतकी बारीक धूळ पुरती अडत नाही. धूळ उडूच न देणे हा खरा उपाय. कामावरच्या सफाईला हातमोजे, गमबूट, चांगला मास्क मुकादमाकडून मागून घ्यावा. देत नसतील तर युनियनकडे लेखी द्यावे, तोंडी सांगितलेले कुणाच्या लक्षात राहत नाही.

एका भगिनीने मागे विचारले होते, आमच्या चाळीत उंदरांचा सुळसुळाट आहे, पिंजरा लावावा, चिकट पुठ्ठा ठेवावा की मांजर पाळावी? ताई, पिंजऱ्यात किंवा पुठ्ठ्यावर अडकलेला जिवंत उंदीर भेदरून लघवी करतो, म्हणून या दोन्हींपेक्षा झटक्यात मारणारा चाप बरा. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलू नका. आधी ब्लीचिंगचे पाणी टाका, मग हातमोजे घालून दुहेरी पिशवीत बांधा. मांजर हन्ताने आजारी पडत नाही, पण ती शिकार घरात आणून टाकते, तेव्हा तिच्यामागे तुम्हालाच फिरावे लागेल. या सगळ्यांआधी दाराखालची फट आणि मोरीचे भोक बुजवा. पेन्सिल जाईल एवढ्या जागेतून लहान उंदीर आत येतो. तारेचा चोथा कोंबून वरून सिमेंट लावले की तो कुरतडता येत नाही. पीठ-तांदूळ पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि रात्रीची खरकटी भांडी सकाळवर टाकू नका.